दुसरी तुकडी

फोर्ट मॅकमरे, आल्बर्टा
८ सप्टेंबर १९९६

प्रिय व्हर्ना,

फोनच करणार होते. पण तुझा फोन दुकानाच्या गल्ल्याशेजारी, आणि तिथे खिळे घ्यायला आलेलं अख्खं बेकर्स कोव्ह कान टवकारून उभं असतं. म्हणून पत्र. वाचून झालं की शेगडीत टाक.

बाबांबद्दल आहे. ईस्टरला हृदयाचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, की जिनासुद्धा दमादमाने चढा. बाबा हो हो म्हणाले. आणि आता डोरमन झिंकच्या बायकोचं पत्र आलंय. ऑगस्टमध्ये पुलाजवळ गाडी उलटली, तेव्हा अग्निशमनाच्या पोरांच्या आधी हा एकाहत्तर वर्षांचा म्हातारा तिथे हजर! माणसं बाहेर काढली आणि मग खंदकाच्या कडेला बसला तो ओठ निळे पडलेले. डोरमनने घरी सोडलं आणि म्हाताऱ्याने त्याच्याकडून वचन घेतलं की हे कोणाला सांगायचं नाही. डोरमनने बायकोला सांगितलं, एवढा तरी तो शहाणा. गावच्या अग्निशमन हॉलचा चीफ आहे तो, पण बाबांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते.

मी फोन केला तर बाबा म्हणतात, "कानाचं यंत्र खरखरतंय, काही ऐकू येत नाही," आणि ठेवून देतात. सोयीचा बहिरेपणा दुसरं काय!

आगीची वर्दी देणारा त्यांचा पेजर काढून घ्या असं मी म्हणत नाही. हॉलची रीत तुला माहीत आहे. आजवर कोणी कोणाकडे पेजर परत मागितलेला नाही. ज्याने त्याने वार्षिक जेवणाच्या दिवशी आपण होऊन तो टेबलावर आणून ठेवायचा, मग सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवायच्या. बाबा काही ठेवणार नाहीत. आणि मागितला, तर त्या अपमानानेच जातील. आई गेल्यावर त्यांच्याकडे राहिलंय काय? तो पट्ट्याला अडकवलेला डबा आणि शनिवारचे बीन्स.

पण हॉलचे सगळे पेजर तूच भरून देतेस ना? मग त्यांच्या पेजरात असं काहीतरी कर की तो वाजायचाच नाही. कसं ते तुला ठाऊक. मला बाप जिवंत हवा आहे गं. इथे कॅन्टीनमध्ये रोज चारशे माणसांना वाढते आणि प्रत्येक वेळी फोन वाजला की वाटतं, बेकर्स कोव्हहूनच असणार.

तुझी,
ग्लेन्डा

* * *

ब्रिजवॉटर, नोव्हा स्कोशिया
२१ सप्टेंबर १९९६

प्रिय ग्लेन्डा,

पेजर म्हणजे काही गाईच्या गळ्यातली घंटा नव्हे, की जिभेला फडकं बांधलं आणि झालं.

तो दिवसभर ऐकतच असतो, फक्त तोंड मिटून. परगण्याच्या केंद्रातून आपल्या हॉलचे दोन सूर एकापाठोपाठ आले की तो किंचाळतो आणि मग केंद्रातली बाई बोलते ते आपल्याला ऐकू येतं. कोणते सूर ऐकून जागं व्हायचं, हे मी भरते. पेजर खाचेत बसवायचा, तार संगणकाला जोडायची, आकडे घालायचे, मग केंद्राला फोन करून एकदा वाजवून घ्यायचा. वाजवून बघितल्याशिवाय पेजर कोणाच्या हातात द्यायचा नाही, हे मला शिकवलं कोणी? तुझ्याच बापाने, ऑब्री काकांनी.

आगीचे सूर काढून टाकले तर पेजर मुका. ते सोपं आहे. दर सोमवारी संध्याकाळी सगळ्या परगण्याची मिळून चाचणी होते, तिचा सूर वेगळा, एकच आणि लांब. तो राहू दिला की ऑब्री काकांचा पेजर सोमवारच्या सोमवारी गुणी पोरासारखा वाजणार. पण काका काही दूधखुळे नाहीत. कुठे धुराडं पेटलं हे दुसऱ्या दिवशी पोस्टात कळणारच, आणि मग ते पेजर माझ्या टेबलावर आपटणार.

म्हणून मी एक सोंग रचलं. माणसं वाढलीत, तेव्हा आता हॉलच्या दोन तुकड्या. पहिली रोजच्या कामांना. दुसरी राखीव, जुन्या जाणत्यांची, फक्त मोठ्या आगीला. दुसऱ्या तुकडीचे सूर मी माझ्या मनाने घातले. केंद्राला ते माहीतच नाहीत. म्हणजे ते सूर कोणी कधी वाजवणार नाही.

डोरमनला सांगितलं. त्याने टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मी हे ऐकलेलंच नाही." अळीमिळी गुपचिळी. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "नीट बसव म्हणजे झालं."

काकांना पेजर दिला तेव्हा विचारतात, "या दुसऱ्या तुकडीत अजून कोण कोण?"

"ठरतंय अजून," मी म्हटलं.

"म्हणजे सध्या कप्तानही मीच आणि शिपाईही मीच!" असं म्हणून इतके हसले की खोकला आला.

तुझं काम झालं, ग्लेन्डा. पण न वाजवता पेजर दिला मी, आयुष्यात पहिल्यांदा. वाजवणार तरी कोण होतं? घरी आले, माशांचं चाउडर गरम केलं आणि तसंच ठेवून दिलं.

व्हर्ना

* * *

बेकर्स कोव्ह
२७ ऑक्टोबर १९९६

ग्लेन्डा,

तुझी पेटी मिळाली. लोकरी मोजे बरे आहेत. फोनवर ओरडत जाऊ नकोस, मला अक्षर दिसतं, तेव्हा लिहीत जा.

मला बढती मिळाली आहे. राखीव तुकडी. आता मांजर झाडावर चढलं म्हणून धावायचं नाही, मोठ्या आगीलाच जायचं. व्हर्नाने पेजर नवा करून दिला. सोमवारी खणखणीत वाजतो. पोरगी कामाला चोख आहे, तिला मीच तयार केलं.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. दिवसा या गावात चिटपाखरू नसतं. हॉलची सगळी पोरं टायरच्या कारखान्यात नाहीतर समुद्रावर. डोरमन स्वतः दिवसपाळीला. त्याला म्हटलं, बाबा रे, दिवसापुरतं तरी मला पहिल्या तुकडीत घे. बंब चालवता येतो, नळी जोडता येते, अजून काय पाहिजे? "बघू," म्हणाला. बघू म्हणजे नाही, हे मला कळत नाही असं त्याला वाटतं.

शेजारी एल्वा हिर्टलचा खुबा मोडला. मी आणि तिचा नवरा मर्टन, दोघांनी मिळून तिचा पलंग खाली स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत आणला. जड होता. तुला सांगतोय म्हणून रागावू नकोस, मधे दोनदा बसलो. एल्वा म्हणाली, "दोन म्हातारे मिळून एका म्हातारीला मारणार." तुझी आठवण काढते. लहानपणी तू तिच्याच घरी जास्त जेवायचीस.

तुझा बाप

* * *

ब्रिजवॉटर
२ डिसेंबर १९९६

प्रिय ग्लेन्डा,

थोडक्यात लिहिते. काका परवा दुकानात येऊन गेले. दिवसाची गोष्ट त्यांनी माझ्यापाशीही काढली, आणि म्हणाले ते खरं आहे गं. मंगळवारी दुपारी गावात कुठे गवत पेटलं तर बंब बाहेर काढायला माणूस नाही. शेजारच्या गावाचे येतील तोवर राख.

मला काकांच्या पेजरात खरे सूर परत घालायचे आहेत. काही तरी निमित्त काढून मागवून घेते, खाचेत ठेवायचा आणि चार कळा दाबायच्या. तुझं म्हणणं एकच, 'त्यांना काही झालं तर?' धावले तर त्यांच्या काळजाला धोका आहे, हे मला कळतं. पण ते राखीव म्हणून तयार आहेत असं त्यांना आणि गावाला वाटत राहावं आणि प्रत्यक्षात कोणीच नसावं, हे मला पटत नाही.

तू हो म्हण, मी उद्या करते.

व्हर्ना

* * *

फोर्ट मॅकमरे
१५ डिसेंबर १९९६

प्रिय व्हर्ना,

नको. कृपा करून नको.

मी ईस्टरला येते आहे, रजा मंजूर झाली. समोर बसून समजावते त्यांना. एकदा मनापासून पटलं की ते स्वतःच पेजर टेबलावर ठेवतील, आणि मग ही सगळी थापेबाजी मिटेल. तोवर फक्त हिवाळा काढायचा आहे. बर्फात तर अजिबात नको, थंडी छातीत भरली तर संपलंच.

गावाचं म्हणशील तर, बेकर्स कोव्हमध्ये दिवसा शेवटची आग कधी लागली सांग? मला तर आठवतही नाही.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझ्या बापाच्या बाबतीत मला ते खरं करून बघायचं नाही.

नाताळला त्यांना जेवायला बोलाव. एकटे बसू देऊ नकोस.

तुझी,
ग्लेन्डा

* * *

ब्रिजवॉटर
३० जानेवारी १९९७

ग्लेन्डा,

एल्वा गेली. तुला कळलं असेलच, पण कसं ते माझ्याकडून ऐक.

मंगळवारी दुपारी. वादळ होतं, समोरचं घर दिसत नव्हतं. मर्टन तिची औषधं आणायला सकाळीच इकडे शहरात आला होता आणि रस्ता बंद झाल्यामुळे अडकला. जाताना शेगडी भरून गेला, ती गारठू नये म्हणून. नळकांड्याच्या सांध्यातून भिंतीला आग लागली असावी असं म्हणतात. बर्फ ढकलणाऱ्या गाडीवाल्याने धूर पाहिला आणि रेडिओवरून कळवलं.

मी दुकानात होते. माझ्या रेडिओवर आपल्या हॉलचे सूर वाजले. पहिला, मग दुसरा. मग केंद्रातली बाई म्हणाली, हिर्टल यांचं घर, किनाऱ्याचा रस्ता. ग्लेन्डा, त्या घराच्या शेजारच्या घरात पेजर होता आणि तो तोंड मिटून बसला होता, कारण मी तो मिटवला होता.

काकांना फोन लावला. वाजत राहिला. ते जेवून पडले होते, यंत्र कानातून काढून ठेवलेलं. त्यांच्या घराची पाठ हिर्टलांकडे, आणि मधे बर्फाने सगळं पांढरं. पेजर उशाशी होता, आवाज पूर्ण मोठा. मी लावला, परत लावला. मग गाडी काढली आणि पुलाच्या अलीकडेच अडकून पडले.

शेजारच्या हॉलचा बंब पोहोचला तेव्हा आत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. एल्वा मागच्या खोलीच्या दारापर्यंत आली होती. मोडक्या खुब्याने, सरपटत. हे मी मर्टनला सांगितलेलं नाही, तूही कधी सांगू नकोस.

काका बंबाच्या हादऱ्याने उठले. अनवाणी बाहेर आले.

काल माझ्याकडे आले. पेजर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बघ." मी खाचेत बसवला. पडद्यावर माझेच आकडे आले. काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. सांगायचं होतं तर तीच वेळ होती. मी म्हटलं, "पेजर ठीक आहे, काका."

"वाटलंच मला," ते म्हणाले. "एवढं घर जळलं म्हणजे दुसरी तुकडी बोलावलीच असणार. वाजला असेल. मीच मेल्यासारखा पडलो होतो."

आता तू मला सांग, मी काय करू?

व्हर्ना

* * *

फोर्ट मॅकमरे
९ फेब्रुवारी १९९७

व्हर्ना,

तुझं पत्र कामावर मिळालं. कोठीघरात बसून वाचलं. एल्वा मावशीने मला चमचा धरायला शिकवला होता.

पण तू त्यांना सांगू नकोस. मी पाया पडते.

माझा विचार कर. त्या वादळात ते गेले असते तर दारातच कोसळले असते. दोन प्रेतं निघाली असती. मला असं म्हणावंच लागतं, नाहीतर मी वेडी होईन. आणि ते झोपले होते म्हणून झालं, असं वाटलं तर त्यांना दुःख होईल, पण म्हातारा माणूस झोपतो, त्याला गाव दोष देत नाही. आपण केलं म्हणून झालं, असं कळलं तर? त्यांच्या हॉलने, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरीने आणि पोटच्या मुलीने मिळून त्यांना खेळण्यातला पेजर दिला! मग त्यांच्याजवळ कोण उरलं? सांगून एल्वा परत येणार आहे का?

गप्प बस. ईस्टरला मी येते आहे. तोवर गप्प बस.

ग्लेन्डा

* * *

ब्रिजवॉटर
२७ फेब्रुवारी १९९७

ग्लेन्डा,

मी सांगितलं.

तू म्हणालीस गाव दोष देत नाही. तू इथे नाहीस, म्हणून. वार्षिक जेवण झालं. काकांनी जेवणाआधीच उठून पेजर टेबलावर ठेवला. चाळीस वर्षांची नोकरी नव्हे गं, आयुष्यच ते. आणि कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणाला वाईट वागायचं नव्हतं. कोणी सुरुवात करीना, एवढंच. डोरमन ताटाकडे बघत होता आणि मीही. काका म्हणाले, "बटाटे थंड होतायत," आणि खाली बसले.

त्यानंतर ते झोपेनासे झाले. पलंगावर पडतच नाहीत. स्वयंपाकघरात सरळ पाठीच्या खुर्चीवर बसतात, कानात यंत्र घालून, डोळा लागू नये म्हणून. आता पेजर नाही, तरी बसतात. चेहरा मेणासारखा झाला आहे. रोज मर्टनकडे जातात, तो बहिणीच्या घरी राहतो आहे. मर्टन म्हणतो, "ऑब्री, झोप कोणाच्या हातात असते का?" तो माफ करतो आणि काका ते ऐकून घरी येऊन परत त्या खुर्चीत बसतात. ज्या काळजासाठी आपण हा उपद्व्याप केला, ते काळीज आपण रोज थोडं थोडं कुरतडतोय.

म्हणून मी काल त्यांच्याकडे गेले आणि सांगून टाकलं. तुकडी नव्हती, सूर नव्हते, पेजर वाजलाच नाही, तुम्ही झोपलात म्हणून काही झालं नाही.

त्यांनी ओरडावं अशी माझी तयारी होती. त्यांनी फक्त विचारलं, "केंद्राला ते सूर माहीतच नाहीत?"

"नाहीत."

"आणि तू न वाजवता दिलास."

"हो."

"हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या," मी म्हटलं. तुझं नाव घेतलं नाही, तुला वचन दिलं नव्हतं तरी.

माझ्याकडे बघितलं, जसे ते लहानपणी माझं तारांचं चुकलेलं जोडकाम बघायचे. म्हणाले, "तुला माझ्या छातीचं एवढं कधीपासून पडलं? हे तुझं डोकं नव्हे." मग उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी बाहेर बसले. थोड्या वेळाने घोरण्याचा आवाज आला. ग्लेन्डा, तो आवाज ऐकून मी त्यांच्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडले.

त्यांनी ओळखलं आहे. आता पुढचं तू लिही. माझ्याच्याने आणखी होत नाही.

व्हर्ना

* * *

फोर्ट मॅकमरे
९ मार्च १९९७

बाबा,

ते मी करायला लावलं. व्हर्नाला मी लिहिलं, तुमचा पेजर मुका कर म्हणून. दोन तुकड्यांचं सोंग तिचं, पण मागणी माझी. आणि डिसेंबरमध्ये तिने विचारलं होतं, की खरे सूर परत घालू का, दिवसा गावात कोणी नसतं. मी नको म्हटलं. बाबा, तुम्ही तेच मला ऑक्टोबरमध्ये लिहिलं होतं. तुमचं पत्र माझ्या उशाखाली होतं आणि तरी मी नको म्हटलं.

मला भीती वाटत होती. आई गेली तेव्हा मी दोन दिवस उशिरा पोहोचले. तुमच्या वेळी तसं होऊ नये एवढंच डोक्यात होतं. त्यापुढे मला गाव दिसलं नाही, एल्वा मावशी दिसली नाही. तुम्ही दिसत होता असं मला वाटत होतं, पण तुम्हीसुद्धा दिसला नाहीत.

ईस्टरचं तिकीट काढलं आहे. तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही. मर्टन काकांना तुम्ही सगळं सांगा. माझं नाव सांगा. मी त्यांच्यासमोर उभी राहीन.

ग्लेन्डा

* * *

बेकर्स कोव्ह
२३ मार्च १९९७

ग्लेन्डा,

पत्र मिळालं. व्हर्ना येऊन गेली त्याच दिवशी मी ओळखलं होतं. तू लिहितेस की नाही, एवढंच बघत होतो. लिहिलंस ते बरं केलंस.

राग गेला असं समजू नकोस. तो जाणार नाही, आणि मी तो घालवायचा प्रयत्नही करणार नाही. मी कोसळलो असतो की नाही, हे ठरवायचा हक्क माझा होता. दारात कोसळलो असतो तर निदान दारापर्यंत गेलो असतो.

तुझं पत्र खिशात घालून मर्टनकडे गेलो. पूर्ण सांगायचं ठरवून गेलो होतो. गेले कित्येक आठवडे तो माणूस मला माफ करतोय, आणि त्याच्या माफीचं मला ओझं झालं होतं. सांगायचं, की मर्टन, मी झोपलो म्हणून नव्हे, मला कोणी उठवलंच नाही. वाटेत दोनदा म्हणून बघितलं. हलकं वाटलं.

तो बहिणीच्या टेबलाशी बटाटे सोलत होता. मला दुसरी सुरी दिली. म्हणाला, "ग्लेन्डा ईस्टरला येते आहे ना? ती आली की मला बरं वाटेल. एल्वाला ओळखणारी माणसं आता कमीच राहिली."

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर तुझं नाव येतं. अर्धं सांगायचं तर व्हर्नाचं, आणि तिला या लोकांतच दुकान चालवायचं आहे. डोरमनचं सांगावं तर उद्या हॉलच बंद पडेल, आणि पुढची आग लागेल तेव्हा कोण येईल? नाव न घेता सांगण्यासारखं यात काही नव्हतं, एक गोष्ट सोडून.

मी म्हटलं, "मर्टन, मी झोपलो होतो."

तो म्हणाला, "माहीत आहे रे. किती वेळा सांगशील?"

मग आम्ही सगळे बटाटे सोलले.

ईस्टरला ये. खोली झाडून ठेवली आहे. रविवारी आपल्याला मर्टनने जेवायला बोलावलं आहे, आणि जावं लागेल. जेवताना तो मला चिडवतो हल्ली, हसता यावं म्हणून. सगळ्यांना सांगतो, आमच्या ऑब्रीची झोप फार गाढ. तो तसं म्हणाला की तू मान खाली घाल आणि जेवत राहा.

तुझा बाप